हिरडा, दारुहळद, तुळस, अडुळसा : सूक्ष्मजीवरोधी आणि प्रतिऑक्सिडीकारक गुणांच्या तपासणीच्या प्रकल्प नोंदी

१२ जून

चार औषधी वनस्पतींचे अर्क दोन कसोट्यांवर तपासायचे, असे या प्रकल्पाचे साधे स्वरूप आहे. पहिली कसोटी अर्क जिवाणूंची वाढ रोखतो का याची, आणि दुसरी तो मुक्तमूलकांना (जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन असलेल्या, चटकन अभिक्रिया करणाऱ्या रेणूंना) शमवतो का याची. त्यासाठी हिरड्याच्या फळाची साल (टर्मिनॅलिया चेब्युला), दारुहळदीचे खोड (बर्बेरिस अरिस्टाटा), तुळशीची पाने (ऑसिमम टेन्युइफ्लोरम) आणि अडुळशाची पाने (जस्टिशिया अधाटोडा) घ्यायचे ठरले. ही निवड नावलौकिकावरून केलेली नाही. चौघांची रसायने एकमेकांपासून पुरेशी वेगळी आहेत म्हणून केली आहे. हिरड्यात टॅनिने (प्रथिनांना बांधणारी तुरट द्रव्ये) भरपूर असतात. दारुहळदीचे मुख्य द्रव्य बर्बेरिन हे पिवळे अल्कलॉइड असून त्याच्या रेणूत मोकळा फेनॉल गट (मुक्तमूलकाला सहज हायड्रोजन देणारा भाग) नाही. तुळशीत युजेनॉल हे उडून जाणारे फेनॉल आहे, आणि अडुळशात व्हॅसिसिन हे निराळ्याच घडणीचे अल्कलॉइड आहे.

या विषयावरील शोधनिबंधांत सहसा दोन तक्ते शेजारी शेजारी असतात. एकात अर्काच्या चकतीभोवती जिवाणू न वाढलेल्या वलयांची मापे, दुसऱ्यात मुक्तमूलक-शमनाची टक्केवारी, आणि शेवटी ‘या वनस्पतीत दोन्ही गुण आढळले’ असा निष्कर्ष. आम्हाला त्यापुढचा प्रश्न विचारायचा आहे. हे दोन गुण खरोखर दोन आहेत, की एकाच रसायनाचे एकच वर्तन आपण दोन वेगळ्या भांड्यांत मोजतो आहोत?

प्रस्तावनेसाठी एक आकडा येथेच नोंदवून ठेवतो. २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे झाले आणि सुमारे ४९.५ लाख मृत्यूंशी अशा जिवाणूंचा संबंध होता, असा अंदाज २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. हा आकडा बहुतेक प्रस्तावनांत असतोच. तो दिल्यानंतर काचेच्या बशीतल्या निकालाला औषध म्हणण्याची जी घाई होते, ती आम्हाला टाळायची आहे.

मोजमापांचे तक्ते स्वतंत्र नोंदवहीत ठेवले आहेत. येथे फक्त निर्णय, त्यांची कारणे आणि निकालांचा अर्थ लिहिला जाईल.

१७ जून

वनस्पतींची ओळख पटवून घेतली, आणि प्रत्येकीचा वाळवलेला संदर्भ-नमुना अनुक्रमांकासह वनस्पतिसंग्रहात जमा केला. हे काम कंटाळवाणे वाटते, परंतु ते न केल्यास पुढील प्रत्येक आकडा निराधार ठरतो. दारुहळदीच्या बाबतीत तर विशेष काळजी घ्यावी लागते, कारण तिच्या नावाखाली कॉसिनियम फेनेस्ट्रॅटम या वेलीचे खोडही विकले जाते आणि त्या वेलीतही बर्बेरिनच असते. त्यामुळे ‘बर्बेरिन सापडले, म्हणजे दारुहळद खरी’ हा तर्क टिकत नाही. पाने आणि फुले पाहून ओळख पटलेल्या झुडपाचेच खोड आम्ही घेतले.

सर्व भाग सावलीत वाळवून, दळून, चाळून हवाबंद डब्यांत भरले. तुळशीची पाने वाळवताना तिच्या बाष्पनशील तेलाचा मोठा वाटा निघून जातो, हे ठाऊक असूनही चौघांना एकच पद्धत लावली आहे. म्हणून तुळशीचा निकाल कमकुवत आला, तर तो वाळलेल्या पानांच्या अर्काचा निकाल समजावा. ताज्या पानांच्या तेलाविषयी त्यातून काही म्हणता येणार नाही.

२४ जून

अर्क काढण्याची पद्धत आज निश्चित झाली. ऊन द्रावक भुकटीतून पुन्हा पुन्हा फिरवणाऱ्या सॉक्सलेट उपकरणात काम लवकर होते आणि उतारा चांगला मिळतो, परंतु भुकटी तासन्‌तास ऊन मिथेनॉलमध्ये राहते आणि उकळत्या फ्लास्कमधला अर्क तर ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापत राहतो. हिरड्यातील चेब्युलॅजिक आणि चेब्युलिनिक आम्लांसारखी मोठी टॅनिने उष्णतेत आणि पाण्याच्या सान्निध्यात तुटून त्यांतून गॅलिक आम्लासारखे लहान रेणू सुटतात. मग आपण मोजतो ते हिरड्याचे गुण की आपल्या शेगडीचे, हे सांगता येत नाही. म्हणून भुकटी ८० टक्के मिथेनॉलमध्ये खोलीच्या तापमानाला भिजवून, हलवत ठेवून, गाळून घेण्याचे ठरवले. द्रावक रोटरी इव्हॅपोरेटरवर (कमी दाबाखाली द्रावक उडवणाऱ्या यंत्रावर) ४० अंशांच्या वर न जाता काढायचा आणि उरलेले पाणी गोठवून शुष्क करायचे.

उष्णतेचा मुद्दा किरकोळ नाही, याचा सर्वांत मोठा दाखला हिवतापावरील आर्टेमिसिनिन या औषधाचा आहे. चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांच्या गटाचे आर्टेमिसिया अॅन्युआ या वनस्पतीचे आरंभीचे अर्क भरवशाचे निघत नव्हते. चौथ्या शतकातील गे हाँग यांच्या ग्रंथात ती वनस्पती उकळण्याऐवजी पाण्यात भिजवून पिळून घेण्यास सांगितले आहे, हे लक्षात आल्यावर त्यांनी कमी तापमानाला उकळणारे ईथर वापरले आणि अर्काचा गुण टिकला. शुद्ध द्रव्य १९७२ मध्ये हाती आले आणि २०१५ च्या नोबेल पारितोषिकात त्या कामाचा वाटा होता. आमचे काम त्याच्या जवळपासही नाही, पण द्रावक आणि तापमान यांची निवड प्रयोगाचा निकाल आधीच ठरवून टाकते, हा धडा लहान प्रयोगालाही तेवढाच लागू आहे.

गाळण्याबाबत एक व्यावहारिक नोंद : निर्जंतुक करण्यासाठी ०.२२ मायक्रोमीटरची गाळणी लागते. ती नायलॉनची घेऊ नये. नायलॉन पॉलिफेनॉले (अनेक फेनॉल गट असलेली द्रव्ये; टॅनिने त्यांतलीच) धरून ठेवते आणि हिरड्याचा अर्क गाळणीतच अर्धामुर्धा राहून जाऊ शकतो.

१ जुलै

एकूण फेनॉले फोलिन-चिओकाल्टू अभिकर्मकाने मोजली. १९२७ पासून वापरात असलेल्या या अभिकर्मकाचा निळा रंग ७६५ नॅनोमीटरला वाचतात आणि गॅलिक आम्लाच्या प्रमाणरेषेवरून हिशेब करतात. अपेक्षेप्रमाणे हिरडा इतर तिघांच्या फार पुढे आहे. त्यानंतर दारुहळद आणि तुळस जवळजवळ बरोबरीने, आणि अडुळसा सर्वांत मागे.

या चाचणीला ‘एकूण फेनॉले’ म्हणण्याचा प्रघात असला तरी ती प्रत्यक्षात क्षपण करणाऱ्या, म्हणजे इलेक्ट्रॉन देणाऱ्या, सर्वच द्रव्यांना प्रतिसाद देते. क जीवनसत्त्वही तिच्यात फेनॉल म्हणून मोजले जाते. त्यामुळे फोलिनचा आकडा आणि मुक्तमूलक-शमनाचा आकडा यांचा उत्तम सहसंबंध आला, म्हणून कोणी आनंद मानू नये. इलेक्ट्रॉन देण्याची एकच क्षमता दोन रंगांत मोजल्यावर सहसंबंध येणारच.

४ जुलै

आज डीपीपीएच या स्थिर मुक्तमूलकाची चाचणी. १९५८ मध्ये ब्लोइस यांनी सुचवलेली ही पद्धत इतकी सोपी आहे की तिच्यामुळेच या क्षेत्रात निबंधांचा पूर आला असावा. गडद जांभळ्या द्रावणात अर्क घालायचा, अर्धा तास अंधारात ठेवायचे आणि ५१७ नॅनोमीटरला शोषकता किती उतरली ते पाहायचे. मुक्तमूलकाला हायड्रोजन मिळाला की जांभळा रंग जाऊन फिकट पिवळा उरतो.

सोपी असली तरी पद्धतीवर विश्वास ठेवण्याआधी एक हिशेब करून घेतला. डीपीपीएचचा रेणुभार ३९४.३, म्हणजे १०० मिलिलिटर मिथेनॉलमध्ये ३.९४ मिलिग्रॅम विरघळवले की ०.१ मिलिमोलर द्रावण होते. क जीवनसत्त्वाचा एक रेणू डीपीपीएचचे दोन रेणू शमवतो. मिश्रणात डीपीपीएच ०.१ मिलिमोलर असेल, तर त्यातले निम्मे शमवायला क जीवनसत्त्व ०.०२५ मिलिमोलर लागेल, म्हणजे मिलिलिटरमागे सुमारे ४.४ मायक्रोग्रॅम. अर्क मिसळल्यावर डीपीपीएच निम्म्याने पातळ होत असेल, तर हाच आकडा २.२ वर येईल. थोडक्यात, ‘आयसी ५०’ (निम्मे शमन करायला लागणारे प्रमाण) हा अर्काचा स्थिर गुणधर्म नाही. भांड्यात डीपीपीएच किती होते त्यावर तो हलतो. दोन प्रयोगशाळांचे आकडे समोरासमोर ठेवण्याआधी दोघांनी क जीवनसत्त्वाचा आकडा काय दिला आहे, हे पाहणे हाच त्यातल्या त्यात प्रामाणिक मार्ग. आमचा आकडा हिशेबाच्या जवळ आला, म्हणून पुढे गेलो.

प्रत्येक अर्कासाठी डीपीपीएच न घातलेला रंग-नियंत्रकही ठेवला, कारण दारुहळदीचा अर्क स्वतःच पिवळाधमक असतो आणि तुळस-अडुळशात हरितद्रव्य उतरलेले असते. क्रम पुन्हा तोच आला : हिरडा फार पुढे, अडुळसा फार मागे. तुळशीच्या मिश्रणाची शोषकता मात्र अर्ध्या तासानंतरही उतरत राहिली. युजेनॉलसारखी फेनॉले डीपीपीएचशी सावकाश अभिक्रिया करतात, तर क जीवनसत्त्व जवळजवळ तत्क्षणी करते. तीस मिनिटे ही मर्यादा सोयीची आहे, निसर्गाने घालून दिलेली नव्हे. म्हणून तुळशीची पूर्ण कालरेषा काढून ठेवली.

११ जुलै

जिवाणूंचे काम सुरू झाले. दोन संदर्भ-वाण वापरत आहोत : ग्रॅम-धन, म्हणजे बाहेरचे पटल नसलेला, स्टॅफिलोकॉकस ऑरिअस (एटीसीसी २५९२३) आणि ग्रॅम-ऋण, म्हणजे ते पटल असलेला, ई. कोलाय (एटीसीसी २५९२२). म्युलर-हिंटन अगर हे जिवाणू वाढवण्याचे घट्ट माध्यम ४ मिलिमीटर जाडीचे ओतले, जिवाणूंचे निलंबन ०.५ मॅकफार्लंड गढूळपणाला जुळवले, म्हणजे मिलिलिटरमागे साधारण पंधरा कोटी जिवाणू, आणि पंधरा मिनिटांच्या आत पसरवले. चकत्या ६ मिलिमीटर व्यासाच्या. एक चकती नुसत्या द्रावकाची, एक जेंटामायसिन या प्रतिजैविकाच्या १० मायक्रोग्रॅमची.

जेंटामायसिनचे वलय ई. कोलायसाठी १९ ते २६ आणि स्टॅफिलोकॉकससाठी १९ ते २७ मिलिमीटर यांत बसले पाहिजे, अन्यथा त्या दिवसाच्या सर्व बशा बाद. दोन्ही मर्यादेत आले. हिरड्याच्या चकतीभोवती दोन्ही जिवाणूंच्या बशांत वलय आले, स्टॅफिलोकॉकसच्या बशीत ठळक आणि ई. कोलायच्या बशीत अरुंद. दारुहळदीने फक्त स्टॅफिलोकॉकसवर काम केले. तुळशीचे वलय पुसट होते. अडुळशाच्या चकतीला खेटून वाढ झाली.

अर्काच्या वलयाची जेंटामायसिनच्या वलयाशी तुलना अहवालात करायची नाही, असे ठरले. एका चकतीवर एका शुद्ध रेणूचे १० मायक्रोग्रॅम आहेत, दुसरीवर शेकडो द्रव्यांचे मिश्रण एक मिलिग्रॅम, म्हणजे शंभरपट वजन. शिवाय वलयाची रुंदी ही मारकतेइतकीच अगरमधून रेणू किती सहज पसरतो यावरही अवलंबून असते. मोठी टॅनिने अगरमध्ये रखडतात आणि तेलकट द्रव्ये पसरतच नाहीत. चकती ही चाळणी म्हणून ठीक आहे, मोजपट्टी म्हणून नाही. अडुळसा मात्र या चाळणीवरून वगळला नाही, कारण त्याची ‘नाही’ ही नोंददेखील द्रव माध्यमात तपासून घ्यायची आहे.

१८ जुलै

किमान रोधक संहती (जिवाणूंची वाढ रोखणारे अर्काचे द्रावणातील सर्वांत कमी प्रमाण) ठरवण्यासाठी ९६ कूपिकांच्या, म्हणजे लहान खळग्यांच्या, पट्टीत मिलिलिटरमागे ४ मिलिग्रॅमपासून खाली निम्म्यानिम्म्याने ३१ मायक्रोग्रॅमपर्यंत मालिका केली. कूपिकेत जिवाणू मिलिलिटरमागे ५ लाख. अर्क विरघळवणारा द्रावक डीएमएसओ एक टक्क्याच्या आत.

नेहमीच्या प्रथेप्रमाणे शेवटी रेसाझुरिन घातले. जिवंत जिवाणू या निळ्या रंगाचे क्षपण करून तो गुलाबी करतात. निळा राहिला म्हणजे वाढ रोखली गेली, असे वाचायचे. तुळस, अडुळसा आणि दारुहळद यांच्या रांगा स्वच्छ वाचता आल्या. हिरड्याच्या रांगेत मात्र उलटे चित्र दिसले. सर्वांत दाट अर्काच्या कूपिका गुलाबी, मधल्या निळसर, आणि शेवटच्या पुन्हा गुलाबी. दाट अर्कात जिवाणू वाढतात आणि मध्यम अर्कात मरतात, असे म्हणावे तर त्याला अर्थ नाही. उत्तर नियंत्रकाच्या रांगेत होते : जिवाणू न घातलेल्या, नुसता अर्क आणि माध्यम असलेल्या कूपिकाही दाट टोकाला गुलाबी झाल्या होत्या. हिरडा रेसाझुरिनचे क्षपण स्वतःच करतो.

म्हणजे ज्या क्षमतेमुळे हिरडा डीपीपीएचमध्ये पहिला आला, तीच क्षमता येथे जिवाणूंच्या श्वसनाचे सोंग आणते. जिवाणूरहित नियंत्रक ठेवला नसता तर हिरड्याला त्याच्या सर्वाधिक प्रभावी संहतीलाच निष्प्रभ ठरवले गेले असते. डोळ्यांनी गढूळपणा पाहूनही भागत नाही. म्युलर-हिंटन माध्यमात मांसाचा अर्क, केसिनचे जलापघटित आणि स्टार्च असतात; हिरड्याची टॅनिने त्यांतल्या काहींशी बांधली जाऊन साका धरतात आणि तो साका जिवाणूंच्या वाढीसारखा दिसतो. हिरड्यासाठी एकच मार्ग उरतो : प्रत्येक कूपिकेतून थेंब घेऊन, पातळ करून, ताज्या अगरवर वसाहती मोजायच्या. काम वाढले, पण त्यावरचा आकडा विश्वासाचा असेल.

२३ जुलै

वसाहतींच्या मोजणीवरून चित्र स्थिर झाले. स्टॅफिलोकॉकसवर हिरडा आणि दारुहळद दोन्ही प्रभावी, ई. कोलायवर हिरडा बेताचा आणि दारुहळद जवळजवळ निष्प्रभ, तुळस सर्वांत दाट कूपिकांतच थोडी दिसते, अडुळसा कोठेच नाही. कच्च्या अर्काचा परिणाम मिलिलिटरमागे एक मिलिग्रॅमच्या वर गेल्यावरच दिसत असेल, तर तो गांभीर्याने घेऊ नये, असा संकेत या क्षेत्रात रूढ आहे. त्या न्यायाने तुळशीचा हा अर्कही बाद ठरतो. तसेच लिहू.

ई. कोलायच्या बाहेरच्या पटलातील लिपोपॉलिसॅकराइडचा थर अनेक द्रव्यांना आत येऊ देत नाही आणि जे आत जाते ते पंप बाहेर फेकतात, हे ग्रॅम-ऋण जिवाणूंच्या टणकपणाचे सर्वज्ञात कारण. पंप स्टॅफिलोकॉकसमध्येही असतात. त्यातील नॉरए हा पंप बर्बेरिनला बाहेर काढतो, आणि बर्बेरिस प्रजातीच्या काही झुडपांतच ५'-मेथॉक्सीहिड्नोकार्पिन नावाचे असे द्रव्य आढळते की जे स्वतः जिवाणू मारत नाही पण तो पंप अडवते, हे २००० मध्ये दाखवले गेले. अर्काचे सामर्थ्य शुद्ध बर्बेरिनपेक्षा जास्त दिसले, तर चकित होण्यापूर्वी हा दुवा तपासावा लागेल.

२६ जुलै

हिरड्याच्या अर्काचा सामू (पीएच) तपासला. पाण्यात तो स्पष्टपणे आम्लधर्मी आहे. नुसत्या आम्लतेने जिवाणू दबले असण्याची शक्यता दूर करण्यासाठी माध्यम ७.२ वर बफर करून चाचणी पुन्हा लावली. परिणाम टिकला. मात्र सामू वर नेताच द्रावण पाहता पाहता तपकिरी होऊ लागले, आणि पुढील सगळा विचार त्या तपकिरी रंगापासून सुरू होतो.

गॅलिक आम्ल आणि त्याच्या घडणीची पॉलिफेनॉले उदासीन किंवा अल्कधर्मी द्रावणात हवेतील ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देतात. त्यातून आधी सुपरऑक्साइड आणि मग हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. म्हणजे जो रेणू डीपीपीएचला इलेक्ट्रॉन देऊन प्रतिऑक्सिडीकारक म्हणवतो, तोच माध्यमात ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देऊन ऑक्सिडीकारक निर्माण करतो. हिरडा जिवाणूंना मारतो तो असाच मारत असेल, तर आमच्या पहिल्या दिवसाच्या प्रश्नाचे उत्तर हिरड्यापुरते ‘होय, एकच गुण’ असे असेल, पण अपेक्षेच्या उलट्या दिशेने.

२ ऑगस्ट

पेरॉक्साइडची शंका तपासण्याचा सरळ मार्ग म्हणजे माध्यमात कॅटालेज हे विकर घालणे. ते पेरॉक्साइडचे पाणी आणि ऑक्सिजन करते. पेरॉक्साइड मारत असेल, तर कॅटालेजच्या उपस्थितीत जिवाणू वाचले पाहिजेत. सरळ दिसणाऱ्या या मार्गात दोन खड्डे आहेत. टॅनिने प्रथिनांना बांधतात आणि कॅटालेज हे प्रथिनच आहे. त्यामुळे टॅनिनच कॅटालेजला निकामी करू शकते. किंवा उलट, कॅटालेज केवळ प्रथिन म्हणून टॅनिन शोषून घेऊन जिवाणूंना वाचवू शकते. पहिल्यासाठी प्रत्येक संहतीच्या एका जादा कूपिकेत अखेरीस पेरॉक्साइडचा थेंब सोडून पाहिले. कमी संहतीला लगेच बारीक बुडबुड्यांचा फेस उठला, सर्वांत दाट कूपिकेत तो ऐदीपणाने, कडेकडेने आला. म्हणजे दाट टोकाला कॅटालेज अर्धवटच काम करते आणि तेथील निकाल वापरायचे नाहीत. दुसऱ्यासाठी उकळून निष्क्रिय केलेले कॅटालेज तेवढ्याच प्रमाणात समांतर ठेवले.

उकळलेल्या कॅटालेजनेही किमान रोधक संहती एका पायरीने वर गेली. जिवंत कॅटालेजने दोन पायऱ्यांनी. दोहोंतला फरक एकच पायरी, आणि दुप्पट-निम्मे या मालिकेत एक पायरी ही पद्धतीच्या चुकीच्या मर्यादेतच धरतात. या प्रयोगावरून कोणताही दावा करता येत नाही.

७ ऑगस्ट

पेरॉक्साइड थेट मोजले. आम्लात फेरस आयन आणि झायलेनॉल ऑरेंज यांच्या मिश्रणात पेरॉक्साइड आले की फेरस लोहाचे फेरिक होते आणि रंग नारिंगीवरून जांभळ्याकडे जातो; ५६० नॅनोमीटरला वाचायचे. पॉलिफेनॉले लोहाला धरतात आणि फेरिकचे पुन्हा फेरस करतात, म्हणून हा रंगही हिरड्याच्या हस्तक्षेपापासून मुक्त नाही. प्रत्येक नमुन्याचा एक भाग आधी कॅटालेजने धुऊन ‘शून्य’ ठरवला, आणि एका भागात माहीत प्रमाणातले पेरॉक्साइड घालून किती परत मिळते ते पाहिले. परत मिळालेले प्रमाण पूर्ण नव्हते, त्यामुळे आमचे आकडे खऱ्यापेक्षा कमीच असणार.

तरीही दिशा स्पष्ट आहे. जिवाणू नसलेल्या ताज्या माध्यमात हिरडा आणि नुसते गॅलिक आम्ल दोन्ही ३७ अंशांना पेरॉक्साइड तयार करतात. आम्लधर्मी पाण्यात ठेवलेल्या त्याच अर्कात ते नगण्य. दारुहळदीच्या अर्कात किरकोळ. जिवाणूंवर अर्क घालण्यापूर्वी तो माध्यमात किती वेळ ठेवला होता, हे कोणत्याही निबंधाच्या पद्धती-विभागात लिहिलेले असावे, असे आता वाटते.

१४ ऑगस्ट

पॉलिव्हिनिलपॉलिपायरोलिडोन या अविद्राव्य भुकटीने पॉलिफेनॉले काढून घेतली आणि उरलेल्या द्रवाच्या दोन्ही चाचण्या केल्या. हिरड्याचे दोन्ही गुण बरोबरच कोसळले. दारुहळदीचे मुक्तमूलक-शमन बरेच घटले, पण स्टॅफिलोकॉकसवरचा परिणाम जवळजवळ होता तसाच राहिला. तुळशीत आधीच कमी होते, तेही गेले.

हे टीएलसीच्या, म्हणजे पातळ थरावर अर्कातील द्रव्ये वेगवेगळी करणाऱ्या, पट्ट्यांवर अधिक नेटकेपणाने दाखवता येते. एकाच अर्काच्या दोन पट्ट्या ब्युटेनॉल, अॅसिटिक आम्ल आणि पाणी यांच्या मिश्रणात चालवल्या. अॅसिटिक आम्ल स्वतःच जिवाणूंना रोखते, म्हणून पट्ट्या आम्लाचा वास पूर्ण जाईपर्यंत हवेत सुकवल्या आणि कोरी पट्टीही सोबत ठेवली. एका पट्टीवर डीपीपीएच फवारले. दुसरीवर स्टॅफिलोकॉकस मिसळलेले पातळ अगर ओतून, रात्रभर ठेवून, टेट्राझोलियमचे द्रावण फवारले, जेणेकरून जिवंत भाग जांभळा आणि मृत भाग कोरा दिसेल.

दारुहळदीची पट्टी ३६६ नॅनोमीटरच्या दिव्याखाली धरली की बर्बेरिनचा ठिपका झळझळीत पिवळा उजळतो. जिवाणूंच्या पट्टीवर नेमका तोच भाग कोरा राहिला होता. डीपीपीएचच्या पट्टीवर त्या जागी जांभळा रंग जसाच्या तसा, आणि पिवळे ठिपके त्याहून वर, वेगळ्या ठिकाणी. एका अर्कात दोन गुण आहेत, पण ते दोन वेगळ्या द्रव्यांचे आहेत आणि त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. हिरड्याच्या पट्टीवर मात्र डीपीपीएचचा पिवळा पट्टा आणि जिवाणूरहित कोरा पट्टा एकमेकांवर बसतात. ते पट्टे लांबट आणि पसरट आहेत, त्यामुळे एकाच पट्ट्यात दोन द्रव्ये लपलेली असण्याची शक्यता उरते.

२५ ऑगस्ट

दोन्ही जिवाणू ऑक्सिजनशिवायही वाढू शकतात, याचा उपयोग करून शेवटचा प्रयोग केला. पेरॉक्साइड ऑक्सिजनपासून होते. ऑक्सिजनच काढून घेतला, तर हिरड्याच्या मारकतेतला पेरॉक्साइडचा वाटा नाहीसा झाला पाहिजे. माध्यम आधी उकळून, वायुरहित पेटीत रात्रभर ठेवून, मगच अर्क मिसळला. येथे जेंटामायसिन नियंत्रक म्हणून चालत नाही, कारण ते जिवाणूच्या आत जाण्यासाठी श्वसनावर चालणारी यंत्रणा लागते आणि ऑक्सिजनविना त्याचे बळ ओसरते. त्याऐवजी क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक घेतले. वाढ एकंदर मंद असते, म्हणून प्रत्येक आकडा त्याच पेटीतील अर्करहित नियंत्रकाशी ताडला.

दारुहळदीचा परिणाम ऑक्सिजन असताना होता तेवढाच राहिला. हिरड्याचा परिणाम या वेळी एका पायरीने नव्हे, तर पुन्हा केलेल्या प्रत्येक मालिकेत मधल्या संहतींना स्पष्टपणे घटला. सर्वांत दाट कूपिकांत मात्र जिवाणू ऑक्सिजनविनाही वाढले नाहीत. म्हणजे मधल्या पट्ट्यात पेरॉक्साइडचा मोठा हात आहे आणि दाट टोकाला आणखी काहीतरी आहे. ते प्रथिनांना बांधणे असेल, किंवा माध्यमातील लोह अडवून धरणे असेल. लोह परत घालून पाहण्याचा नेहमीचा उपाय येथे गोंधळाचा ठरेल, कारण पेरॉक्साइडच्या शेजारी लोह आले की फेंटन अभिक्रियेने त्याहून तिखट मूलके तयार होतात. तो प्रयोग करायचाच झाला, तर याच वायुरहित पेटीत.

२९ ऑगस्ट

अहवालाचा आराखडा. दोन तक्ते शेजारी ठेवण्याऐवजी प्रत्येक वनस्पतीचा स्वतंत्र विभाग असेल. अडुळसा आणि तुळस यांचे नकारात्मक निकाल पूर्ण आकड्यांसह जातील, पद्धतीच्या मर्यादांसकट. हिरड्याच्या मुक्तमूलक-शमनाचा आकडा देताना त्यावरून शरीरातील परिणामाविषयी काहीही सुचवायचे नाही. अमेरिकेच्या कृषी विभागाने खाद्यपदार्थांच्या ‘ओरॅक’ (परीक्षानळीत मोजलेल्या मूलक-शमनाच्या) मूल्यांची आपली सूची २०१२ मध्ये मागे घेतली, ती परीक्षानळीतील असे आकडे शरीरात काय घडते ते सांगत नाहीत म्हणूनच. आमच्या आकड्यांना त्याहून अधिक अधिकार नाही. सस्तन पेशींवरील विषारीपणाची चाचणी झालेली नसल्याने ‘औषधी उपयोग’ हा उपविभाग गाळला आहे, आणि त्या जागी रेसाझुरिन, कॅटालेज आणि झायलेनॉल ऑरेंज या तिन्ही ठिकाणी हिरड्याने केलेल्या हस्तक्षेपाचे नियंत्रक सविस्तर दिले आहेत. दारुहळदीचा उरलेला अर्क शुद्ध बर्बेरिनशी नॉरएच्या अंगाने ताडण्यासाठी उणे २० अंशांवर ठेवला आहे. हिरड्याचा अर्क मात्र शुष्क अवस्थेतच ठेवायचा आणि द्रावण त्या त्या दिवशी ताजे करायचे.